चार दिवस थांब

नाना,

काल आमच्या घरात पाळी आलेल्या मुलीने बाटलीतली शाई पेनात भरली. तुमच्या फोटोसमोर, जेवणाच्या टेबलावर. शाई नासली नाही. दुधासारखी फाटली नाही, की तिचं पाणी झालं नाही. ती मुलगी तुमची नात आहे, आणि तुम्हाला हे कळावं म्हणूनच लिहितेय. मेलेल्या माणसाला पत्र पोचत नाही हे मला ठाऊक आहे. पण तेवढाच माझा जीव थंड होतो.

भडगावच्या घरात शाईची बाटली देवघरात असायची, गणपतीच्या शेजारी. तुम्ही कचेरीत कारकून, आणि तुमच्या अक्षराचं तालुक्यात नाव. बॉलपेन घरात चालायचं नाही, अक्षराचं वाटोळं होतं म्हणून. दर रविवारी अंघोळ करून तुम्ही ड्रॉपरने आमची पेनं भरून द्यायचात, माझं आणि भावाचं. बाटलीला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. आणि मला कावळा शिवला की माझं पेनसुद्धा तुम्ही हातात घेत नव्हता. मी मोरीशेजारच्या खोलीत वेगळ्या चटईवर, आणि पेनही माझ्यासोबत बाहेर बसलेलं. आज सांगताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

दहावीचा पहिला पेपर मराठीचा, आणि आदल्या दिवशीच मी बाहेर बसले. मराठीत शाळेत पहिली आलीस तर जळगावला कॉलेजात घालतो, हा तुमचा शब्द होता. पेनातली शाई बुडाशी गेलेली. मी दारातून मागितली, तुम्ही ऐकलंच नाही. मग आई मध्ये पडली. तुमच्यापुढे कधी तोंड न उघडणारी ती बाई म्हणाली, "पोरनी परीक्षा शे." तुम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालात, "शाई नासी जाई. चार दिन थांब." परीक्षा थांबणार होती का हो, नाना? निबंधाच्या मधोमध पेन कोरडं पडलं. मी ते झटकलं, निब जिभेला लावली, थुंकीवर दोन शब्द काढले. मागच्या मुलीने शेवटी बॉलपेन पुढे केलं, तोवर घंटा व्हायला आली होती. मराठीत मी तिसरी आले. जळगाव राहिलं. नाना शब्दाचे पक्के, म्हणून गल्लीत कौतुकही तुमचंच झालं. मला शिवणक्लासला घातलं.

पुढे लग्नानंतर धुळ्यात मी बाहेरून बीए केलं, नोकरी धरली आणि पहिल्याच पगारात कार्ट्रिजचं पेन घेतलं. शाईची बंद नळी आत ढकलायची, टक्क आवाज होतो, झालं. ना ड्रॉपर, ना देवघर, ना कुणापुढे हात पसरणं. दोन-चार नळ्या माझ्या पर्समध्ये कायम असतात. ऑफिसातले म्हणतात, मॅडम, बाटली घ्या, किती स्वस्त पडते. मी म्हणते, पडू दे महाग. हे पत्रही नळीच्याच शाईने लिहितेय.

आणि जळगावात मेहरूणला भावाकडे राहताना तुमचे हात थरथरायला लागले, तेव्हाचं आठवतं? मी भेटायला आले होते. तुम्हाला ड्रॉपर धरवेना, शाई धोतरावर सांडलेली. तुम्ही पेन माझ्यापुढे केलंत. "भरी दे, माय." असं मऊ बोलताना मी तुम्हाला पहिल्यांदा ऐकलं. मी म्हणाले, "माले अडचण शे, नाना. चार दिन थांबा." माझी गर्भपिशवी त्याच्या आदल्याच वर्षी काढली होती, आणि दवाखान्यात मला बघायला तुम्ही स्वतः आला होतात. तुम्हाला बरोबर कळलं. टोपण लावून पेन उशाखाली ठेवलंत आणि भिंतीकडे तोंड केलंत. मी चहा प्याले, खारी खाल्ली आणि संध्याकाळच्या बसने धुळ्याला आले. रस्ताभर काय गोड वाटत होतं! त्यानंतर तुम्ही पेन हातात घेतलं नाही, असं भाऊ सांगतो. बरं झालं. मला अजून वाईट वाटत नाही, आणि मी वाटून घेणारही नाही.

गेल्या आठवड्यात लेकीला पेन घ्यायला दुकानात गेलो. मी कार्ट्रिजचं पुढे केलं. दुकानदार म्हणाला, ताई, यात दोन्ही चालतं, नळी सोपी, बाटली परवडते. लेक म्हणाली, बाटली. तिला मोरपंखी रंग हवा होता, आणि रिकाम्या नळ्यांचा कचरा तिला पटत नाही. मी पुष्कळ समजावलं, पण हट्टाला ती तुमच्यावर गेलीय. काल ती पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून पडली होती. जरा बरं वाटल्यावर उठली, टेबलाशी बसली आणि बाटलीचं झाकण फिरवायला लागली.

माझ्या तोंडून निघालं, "आज राहू दे. मी भरून देते."

तिने वर पाहिलं. "आज का?"

सांडशील, असं मी म्हणाले. तिने ऐकलं नाही. पेन भरलं, एक थेंब सांडला नाही, बोटं ओढणीला पुसली आणि लिहायला लागली. मला फोटोकडे बघवेना. नाना, तुम्ही निदान खरं कारण तरी सांगत होतात.