क्रिमिलेअर: होय

३ नोव्हेंबर, सोमवार
अंगणवाडीची रजा टाकून धुळ्याला. वैशूचं कॉलेज. बी. फार्मसी, पहिलं वर्ष. पोरीने आपल्या मार्कांवर मिळवलेली सीट.
ऑफिसात तोच क्लार्क. ॲडमिशनच्या वेळी किती गोड! "मुलींना फी माफ आहे ताई, टेन्शनच घेऊ नका." आज मान वर करायला तयार नाही. "फीमाफीचा अर्ज रिजेक्ट झालाय. पूर्ण फी भरा, नाहीतर परीक्षेचा फॉर्म घेता येणार नाही."
का रिजेक्ट? "पोर्टलवर लिहिलंय." दाखवा मग. "साइट बंद आहे." गालात पुडी, कोपऱ्यात लाल पिचकाऱ्या, आणि त्यावरच पाटी, परिसर स्वच्छ ठेवा. वैशू खाली मान घालून उभी, जणू तिनेच चोरी केली. शिसारी आली मला. बसमध्ये डबा उघडलाच नाही.

४ नोव्हें.
बँकेत. शैक्षणिक कर्जाचं विचारलं. साहेब म्हणे कॉलेजची फी भरल्याची पावती आणा. अहो, फी भरायला पैसे असते तर तुमच्या दारात कशाला आले असते? "नियम आहे मॅडम." मॅडम म्हणायचं आणि बसायलाही सांगायचं नाही.
परीक्षेचा फॉर्म १८ तारखेपर्यंत. नाही भरला तर पोरीचं वर्ष गेलं.

५ नोव्हें., बुधवार
जळगावात नेटवाल्याकडे गेले, ज्याने अर्ज भरून दिला होता त्याच्याकडेच. साइट चालू झाली एकदाची. कारण वाचून दाखवलं त्याने: अर्जदार क्रिमी लेअरमधील असल्याने अपात्र.
मी हसलेच. नेटवाला बघत राहिला. आम्ही क्रिमी! ह्यांचं सावद्याला केळीच्या ट्रकवर घड चढवायचं काम, खांदे सोलवटलेले, आणि माझं मानधन येईल तेव्हा खरं. आमच्या दुधावर साय धरत नाही, आणि सरकारला आमच्यात मलई दिसली.
कुणीतरी गाढवपणा केलाय. सोडत नाही.

७ नोव्हें.
सेतू केंद्रात जाऊन भांडले. जिथे दाखला काढला तिथेच. पोरगा घाबरला बिचारा. "काय काढून दिलंस रे हे? आम्ही श्रीमंत दिसतो तुला?" त्याने दाखला हातात घेतला, बोट ठेवून वाचला. "काकू, नॉन क्रिमी लेअर. सही-शिक्का सगळं बरोबर आहे."
मग कुणाचं चुकलं? तलाठ्याचं असेल. नाहीतर त्या क्लार्कचं. सगळे एका माळेचे. भर रांगेत मोठ्याने म्हटलं तसं. रांगेतल्या बाया मान डोलवत होत्या. बरं वाटलं जरा.

९ नोव्हें., रविवार
सकाळी वैशूचा फोन. हळूच म्हणाली, "आई, आपल्या अर्जाची प्रिंट बघ ना एकदा. दुसरं पान."
पत्र्याच्या पेटीतून काढली.
क्रिमी लेअर: होय.
खाली माझा कच्चा फॉर्म टाचलेला. माझं अक्षर. निळ्या पेनाने केलेली बरोबरची खूण, चांगली ठसठशीत. नेटवाल्याने ते बघूनच भरलं.

दुपारी.
कसं झालं ते लिहिते. ग्रामपंचायतीत विचारतात, "क्रिमिलेअर काढलं का?" तलाठी म्हणतो क्रिमिलेअर, सेतूवाला पण क्रिमिलेअर. साऱ्या असोद्यात त्या दाखल्याला हेच नाव. नॉन म्हणायला कुणाची जीभ वळत नाही, माझीही नाही. फॉर्मात दिसलं क्रिमी लेअर, दाखला पिशवीत होता, मी केली खूण. आहे ना आपल्याकडे!
अख्ख्या गावाचे फॉर्म भरते मी. मीनाताईकडे जा, चुकत नाही. थू.
ह्यांना सांगितलं. रागावतील वाटलं होतं. "तूच तं भरला न," एवढंच बोलले आणि बादली घेऊन अंघोळीला गेले. ओरडले असते तर परवडलं असतं.

११ नोव्हें., मंगळवार
परत धुळे. वैशूसोबत तिची रूममेट कल्पना, साक्रीकडची. माझा पडलेला चेहरा बघून म्हणे, "मावशी, रडू नको. बठ्ठं नीट व्हई." आणि तोंड धुवायला तांब्या भरून आणला. एवढी माणुसकी त्या अख्ख्या ऑफिसात नाही.
क्लार्कला चूक सांगितली. दात दाखवले मेल्याने. "दर वर्षी दहा-बारा जण हेच करतात ताई. होय करून ठेवतात."
दर वर्षी! मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? भिंतीवर एक कागद चिकटवायला हात मोडले होते?
"ते आमच्या कामात येत नाही."
ओकारी येईल असं बोलणं. पण हात जोडले. अर्ज सुधारायला परत उघडून देणं याच्याच हातात. शेवटी दिला उघडून. २० तारखेपर्यंत मुदत, नंतर पोर्टल बंद. परीक्षेचा फॉर्मही घेतला, पण हमीपत्रावर सही घेऊन: अर्ज परत नामंजूर झाल्यास पूर्ण फी एकरकमी भरेन. वाचून सही केली. वैशूने बघितलं.

१४ नोव्हें., शुक्रवार
नेटवाल्याकडे अर्ज सुधारला. क्रिमी लेअर: नाही. तीनदा मोठ्याने वाचून घेतलं त्याच्याकडून, वैतागला. स्थिती: प्रलंबित. म्हणजे लटकलेला.
मी उठले तसा तो म्हणाला, "ताई, तुमच्या गावचे बाकीचे पण तुम्हीच लिहून दिले होते ना? पुष्पाबाईच्या दीक्षाचा?"
खाली बसले परत.
दीक्षा, सुवर्णा, आणि पाटलांची धाकटी. तिघींचे. एकाच दिवशी, एकाच पेनाने. पुष्पाने तर खण-नारळ दिला होता मला.
त्यांचे अर्ज अजून तपासलेच नसतील. तपासले की झालं.

१५ नोव्हें.
न जेवताच पुष्पाकडे गेले. "ये व मीना, बैस. चहा मांडते." भिंतीवर दीक्षाचा नर्सिंगच्या ड्रेसातला फोटो, नवीन फ्रेम. दारातल्या शेजारणीला सांगत होती, "हिच्यामुळे शिकते माझी पोर."
चार दिवस लोकांच्या नावाने थुंकत फिरले, आणि इथे...
म्हटलं, "पुष्पे, दीक्षाचा फॉर्म माझ्याकडून चुकला."
"काय चुकला? काही कमी पडलं का?" ती उठली, फळीवरची कागदांची पिशवी काढली, सगळ्यात वरचा दाखला माझ्यापुढे धरला. हसत होती. "घाबरली न मी. हे बघ, क्रिमिलेअर तं आहे आपल्याकडे!"
चहा उतू गेला. मी दाखल्यातल्या 'नॉन'वर बोट ठेवलं.
अजून सुवर्णाकडे जायचंय, मग पाटलांकडे. पाच दिवस उरलेत.