जयसिंगदादाचं ट्रॅक्टरपुराण

७ ऑक्टोबर १९९८
आला! आबांनी नारळ फोडला, आईनं चाकांना हळदकुंकू लावलं आणि चावी दिली जयसिंगदादाला. दहावीला दोनदा आपटलेल्या माणसाला! मी विचारलं, मी कधी शिकू? आबा म्हणाले, "पोरीच्या जातीनं ट्रॅक्टरवर बसायचं व्हय? गाव हसंल." दादाला हसणार नाही जसं काही! माझं लग्न ठरवायच्या आत एकदा तरी चालवणारच.

११ ऑक्टोबर
आमच्या शूरवीरांनी फण खाली सोडूनच ट्रॅक्टर घरी आणला. सरपंच गणपतरावांच्या दारातला नवा मुरमाचा रस्ता वीस फूट नांगरला! गणपतराव ओरडले, "जयसिंगा, हितं काय भुईमूग लावतोस काय रं?" आणि हा वळून बघतो — गॉगल लावून! मूर्ख.

१२ ऑक्टोबर
गॉगल तुटला. स्वतःच बसला त्यावर.

१९ ऑक्टोबर
आज मी मजा केली. इंजिन बंद करायची एक कळ असते. ती ओढली की डिझेल बंद. बंद केल्यावर दादा लगेच आत ढकलतो, त्यामुळे ती बाहेर राहिली तर काय होतं हे त्याच्या डोक्यातच नाही. सकाळी गुपचूप ओढून ठेवली. दादासाहेब स्टार्टर मारून मारून घामाघूम! बॅटरी उतरली. चार पोरांनी ढकलून पाहिला. शेवटी कागलहून कृष्णात मेस्त्री आले. त्यांनी कळ आत दाबली, पोरांना एक धक्का मारायला लावला — सुरू! मग चहा मागितला आणि आबांना म्हणाले, "इंजिन ठणठणीत हाय, पावणं. डायवर तेवढा बदला."
मी ओढणी तोंडात कोंबून हसले. दादा जेवला नाही. नाही तर नाही.

२ नोव्हेंबर
शेजारच्या झुंबरबाई म्हणाल्या, "तुज्या भावाला बैलंच बरी हुती की गं." सगळ्यात जास्त मीच हसले.

८ नोव्हेंबर
आबा कोल्हापूरला गेलेत. आणि दादा आपणहून म्हणाला, "ललिता, आज तू चालीव. आबास्नी सांगू नगंस." उपकार केल्याचा आव तर बघा! क्लच, गेअर सगळं दाखवलं, मी काय आंधळी होते महिनाभर? ट्रॉली जोडायची आहे. तो मागं उभा राहून सांगणार म्हणे. भाकऱ्या उरकल्या की जाते. चालवणं कशाला म्हणतात ते बघ म्हणावं!

११ नोव्हेंबर
तो "हळू मागं घे, हळू" म्हणत होता. मी क्लच एकदम सोडला. ट्रॅक्टर उसळून ट्रॉलीवर आदळला. धक्क्यानं ट्रॉलीचा दांडा टेकणीच्या दगडावरून निसटला आणि त्याच्या पायावर पडला. दोन बोटं काढावी लागली.
दवाखान्यात आबा त्याच्यावरच खेकसले, "गाडी गेरमधी ठेवून उतरलास? अक्कल हाय का तुला?"
दादा म्हणाला, "व्हय आबा. चुकलं माजं."
मी खाटेजवळच उभी होते. माझी मलाच किळस आली. तरी तोंड उघडलं नाही.