भिमाजीचे तण

वडिवळे,
५ ऑगस्ट २०२४

चि. सारिका हिस अंबाजीमामाचे अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद रिवाजापुरते आहेत. मनातून तूर्त निघत नाहीत. काल तू तुझ्या मार्गदर्शक बाईंसमक्ष आमच्या बांधावर उभी राहून, मामा, तुम्ही माझा डेटा उपटलात, असे किंचाळलीस आणि चहाही न घेता गेलीस. नंतरचे तुझे फोन मी घेतले नाहीत. तो दूरध्वनी तांदळाच्या कणगीत पुरला आहे. क्रोधास कागदच शोभतो.

मी तण उपटले. डेटा नामक वनस्पती माझ्या परिचयाची नाही. छायाचित्रे काढण्यास विदुषी येणार म्हटल्यावर भाताचे खाचर विस्कटलेले कोण ठेवील? तू काही करू नका म्हणाली होतीस, हे मान्य. परंतु पाहुण्याने काही करू नका म्हटल्यावर चुलीवर आधण न ठेवणारे घर मावळात दाखव. तुझी मामी, कामाला येणारी शकुबाई आणि अस्मादिक दिवसभर पावसात वाकून, तण वेचीत बेणणी करीत होतो. कंबर अद्याप काटकोनात आहे.

शेजारच्या भिमाजीसारखे अरण्य माजवून ते जगास दाखवण्याइतका तुझा मामा निर्लज्ज नाही.

लोभ आहे, वाढवण्यास मात्र तूर्त जागा नाही.

तुझा,
अंबाजीमामा

---

लोणावळा,
८ ऑगस्ट २०२४

ती. स्व. अंबाजीमामांस सा. न. वि. वि.

तुमच्या कंबरेबद्दल वाईट वाटले. माझ्या प्रबंधाबद्दल तुम्हाला वाटले नाही, याचे जास्त.

मामा, मी भाताचे सौंदर्य टिपायला आले नव्हते. फोटो पाहून भात कोणता आणि तण कोणते हे संगणकाने ओळखावे, एवढेच माझे संशोधन. त्यासाठी फोटोतल्या एकेका रोपाभोवती मी हाताने चौकट काढते आणि त्याला नाव देते. डोळे चुरचुरतात. मग प्रयोगशाळेतला मोठा संगणक मिळण्यासाठी नंबर लावते. परवा नंबर लागला. तुमच्या खाचराचे फोटो घातले. त्यात तण औषधालाही नाही, त्यामुळे बिचारा आता बांधावरच्या टाकळ्यालाही भात म्हणतो.

आठवड्याभरात भात फुटवे धरून तण झाकून टाकील. मग पुढच्या पावसाळ्याशिवाय फोटो नाहीत, आणि शिष्यवृत्ती मार्चला संपते. बाई म्हणाल्या, विषय सोडून दे. तीन पावसाळे मी यात घातले आहेत.

भिमाजीकाकांचे अरण्य मला चालले असते. पण कामशेतच्या बाजारात त्यांच्या शेताला तुम्ही अभयारण्य म्हणालात आणि त्यांच्याशी बोलणेही तोडलेत. आता मी कोणत्या तोंडाने विचारू? तुम्हीच विचारा. नाहीतर राहू द्या.

मामींना नमस्कार. तुमच्यावर राग आहे, तो तसाच राहू द्यावा.

तुमची,
सारिका

---

भिमाजीचा बांध, वडिवळे,
११ ऑगस्ट २०२४

चि. सारिका हिस आशीर्वाद; या खेपेस मनापासून.

काल मी भिमाजीकडे गेलो. मला दारात पाहून त्याने प्रथम, कोन गेलं का मास्तर, असे विचारले. मी प्रयोजन निवेदन केले. तो इतका हसला की ओटीवरची कोंबडी उडाली. मग दूध डेअरीच्या रांगेत नेऊन, माझ्या तोंडून सर्वांसमक्ष वदवून घेतले की भिमाजीचे तण लय भारी हाय. जन्मभर संस्कृत शिकवणाऱ्या या जिव्हेने ते वाक्य उच्चारले. त्यानंतर परवानगी मिळाली.

आज सकाळी सहज पाहण्यास आलो, तो काय! भिमाजी आणि त्याची बायको वाकून बेणणी करीत होती. मी जे ओरडलो, ते कोणत्याही कोशात सापडणार नाही. त्यावर भिमाजी म्हणाला की शेहरातल्या बाया फोटो काडायला येनार, तर असं रान कसं दावायचं, आमाला बी अब्रू हाय.

सारिके, माझेच वाक्य मला चिखलासकट परत मिळाले.

अर्धे खाचर वाचले आहे. छत्री आणि काठी घेऊन मी बांधावर बसलो आहे. भिमाजीची बायको विळा घेऊन दुसऱ्या टोकाला फिरते. तिच्यावर दृष्टी ठेवावी लागते. मास्तर काय राखताय, असे शकुबाईने रस्त्यावरून दोनदा विचारले. मी छत्री तोंडापुढे ओढली.

हे पत्र मामी लोकलने स्वहस्ते आणून देत आहे. फोन करायचा तर तो कणगीतून काढावा लागेल, आणि मला बांध सोडता येत नाही. तिच्याबरोबरच कॅमेरा घेऊन नीघ. माझा राग गेलेला नाही. तू आलीस की समक्ष भांडू.

लोभ उगवलेला आहेच. कृपा करून तो कोणी उपटू नये.

तुझा,
अंबाजीमामा