जावयांचा स्लॅब आणि आईचं उखळ

साखर पेठ, सोलापूर
रविवार, दुपार

ती. शिवराजदाजी यांच्या पायांवर मेहुणा नंदू याचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार सध्या फक्त पायांना आहे. हातांना करायचा की नाही, ते पुढे कळेलच.) आपल्या गुडघ्याचं दुखणं आता कसं आहे? कुर्डुवाडीत उन्हाळा आमच्यापेक्षा कमी, असं आपण दरवर्षी सांगता, ते यंदाही खरं धरतो. अक्काची तब्येत ठीक असेलच. आमच्याकडे सगळे बरे आहेत, आणि घाबरू नये म्हणून सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगून टाकतो: आई जेवली. काल दुपारी अर्धी भाकरी, आणि मागून पुन्हा चतकोर. आमचा जीव भांड्यात पडला तो अजून तिथंच आहे, त्याला बाहेर काढायची कुणाला घाई नाही.

हे फोनवर का नाही सांगितलं, असं आपण विचाराल. आपण फोन स्पीकरवर ठेवता आणि मग निम्मी गल्ली ऐकते, हे एक कारण. दुसरं असं, की जावयाला तोंडावर बोलता येत नाही अशी एक गोष्ट मला आपल्याला सांगायची आहे. जावई म्हणजे दहावा ग्रह, आणि आपण तर आमच्याकडे वक्रीही कधी झाला नाहीत, म्हणून भीती जास्तच. पत्रात माणूस समोर नसतो, तेव्हा बोलतो.

अक्का आठ दिवस राहून गेली तेव्हा आईचा ताप उतरला होता, पण तापाबरोबर भूकही उतरली ती परत आलीच नाही. सकाळी दोन चमचे पेज, संध्याकाळी दोन चमचे पेज, मधल्या वेळात 'नको'. डॉक्टर म्हणाले, आजींना जे आवडतं ते द्या. आवडतं काय, हे आईनं ऐंशी वर्षांत कुणाला सांगितलं असेल तर ना! हिनं शिरा केला, उपमा केला, माडगं केलं, आपल्या आवडीची म्हणून भरली वांगीही केली. (ती मी खाल्ली.) आई हाताला हलकी होत चालली होती, दाजी. एका सकाळी तिला उठवून बसवताना मला जोरच लावावा लागला नाही, आणि त्या दिवशी मी मनातून फार घाबरलो. मग एका दुपारी ती आपण होऊन म्हणाली, "उखळात कुटल्याली शेंगाचटणी असती, तर खाल्ली असती अर्धी भाकर."

आम्ही नवराबायकोनं तिला पुन्हा विचारून खात्री करून घेतली. कारण आईनं शेंगाचटणी सोडून पंचवीस वर्षं होत आली. सोलापुरात राहून शेंगाचटणी न खाणारी बाई म्हणून पेठेत तिचं नाव आहे. विचारलं की म्हणायची, "तिखट सोसत न्हाय मला." आम्ही खरं मानलं. आणि उखळ? उखळ आमच्या अंगणात जमिनीत पुरलेलं होतं, तोंड जमिनीबरोबर. ते कुठं गेलं, हे दाजी, आपल्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक असणार?

आठवतं का? अधिक महिना होता. आपण नवे जावई, धोंड्याच्या जेवणाला आला होतात. आईनं पुरणाचे धोंडे वाढले, आम्ही चांदीचं निरांजन दिलं, इथवर सगळं रीतीप्रमाणं झालं. पण आपला हात रिकामा बसत नाही. दुसऱ्या दिवशी आई अक्कलकोटला दर्शनाला गेली, मी ऑफिसात, आणि अंगणातला चिखल बघून आपल्या मनात सासूबाईंना उलट आहेर करायचं आलं. संध्याकाळी आई परत आली तर अंगण नव्हतं, स्लॅब होता. (लोक अंगणात कोबा करतात. आपण सळया बांधून स्लॅब घातलात. वर मजला चढवायचा विचार होता का?) आईनं पदर सावरला, म्हणाली, "जावयांनी लई चांगलं केलं." आणि दुसऱ्या दिवशी मला मिक्सर आणायला पाठवलं. सासूनं जावयाला कसं म्हणावं, की बाबा रे, माझं उखळ पुरलंस? तिनं नाहीच म्हटलं. त्यापेक्षा तिला तिखट सोसेनासं झालं.

आता आपल्याला वाटेल, दुसरं उखळ आणायचं. हिनं लोखंडी खलबत्ता आणला होता. आई म्हणाली, "त्यात औषद कुटत्यात." तेव्हा ठरलं, स्लॅब फोडायचा. तर आईच आडवी आली. म्हणे, जावयांनी घातल्याला हाय, त्याला हात लावायचा न्हाय. मग मी थाप मारली, की खालून पाण्याची लाईन गळतेय, फोडावाच लागेल. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "फोडा मग. पर लाईन फोडताना उखळ जपा."

घण घेऊन दोघे गडी आले होते. त्यांनी विचारलं, उखळ नेमकं कुठं आहे? आम्ही म्हटलं, तेच माहीत नाही. ते म्हणाले, मग उखळासकट फोडतो, अर्ध्या तासाचं काम आहे. त्यांना चहा पाजून परत पाठवलं. शेवटी सात रस्त्याला बसवराज म्हणून एकाचं अवजारं भाड्यानं द्यायचं दुकान आहे, तिथून ब्रेकर, म्हणजे स्लॅब फोडायचं मशीन, आणला. बॅटरीवरचा. वायरवाला स्वस्त होता, पण अंगणात पाण्याचा हौद, त्यावरून वायर ओढायची म्हटल्यावर हिनं सरळ सांगितलं, आधी विमा काढा. बसवराज म्हणाला, "घाबरायचं काम न्हाय सर. बटण दाबायचं आणि धरून ठेवायचं." मी बटण दाबलं आणि धरून ठेवलं. स्लॅब जिथल्या तिथे राहिला, मी मागे मागे सरकत हौदाला जाऊन टेकलो. चष्मा नाकावरून हनुवटीवर आला. दाजी, आपल्या स्लॅबवर इतका वेळ छिन्नी आपटून जी खूण उमटली, ती आमच्या मांजराच्या पायानंही उमटली असती.

बॅटऱ्या दोन होत्या. एक संपली की चार्जिंगला, तोवर दुसरी. चार्जर स्वयंपाकघरात, आणि तिथं चांगलं चालणारं सॉकेट एकच, त्यावर मिक्सर. त्यामुळे घरात स्वयंपाक आणि फोडकाम यांची पाळी लागली. दुपारी हिनं आमटीचं वाटण अर्ध्यावर सोडलं, मी खड्डा अर्ध्यावर सोडला, आणि दोघंही चिडून बसलो. मध्येच छिन्नी आपल्या सळयांच्या जाळीत अशी अडकली की ना पुढं ना मागं. बसवराजला बोलावलं. त्यानं जाळी बघितली, वाकून पुन्हा बघितली आणि विचारलं, "सर, कुणी घातलाय हा?" म्हटलं, आमच्या दाजींनी. "दाजी धरणावर हुते काय?" म्हटलं, नाही, रेल्वेत. त्यानं कटर आणून सळया कापून दिल्या आणि जाताना स्लॅबला नमस्कार करून गेला. त्या दिवशी संध्याकाळी माझे हात असे थरथरत होते की चहाची बशी आपोआप वाजत होती. आपल्याविषयी मी तेव्हा काय काय बोललो, ते इथं लिहीत नाही. अक्काच्या मंगळसूत्राचे मणी मध्ये येतात.

पण खरी पंचाईत जागेची. मी हेडक्लार्क माणूस, आराखडा काढला, अंगणाची मापं घेतली आणि हौदापासून मोजून पहिला खड्डा पाडला. खाली मुरूम. आई खाटेवरून म्हणाली, "चुलीच्या दारासमोर हुतं." दुसरा खड्डा चुलीच्या दारासमोर. खाली मुरूम. (चुलीचं, म्हणजे स्वयंपाकघराचं, दार नंतर सरकवलं होतं ते आई विसरली होती. मीही.) तेव्हा शेजारच्या कमलम्मा भिंतीवरून डोकावल्या. त्यांचं मराठी अजून तेलुगूच्या चालीवर चालतं. म्हणाल्या, "अय्यो नंदू, तुझी अम्मा कुटायची, मी हितं उभी राहून बोलायची. मला तिची फक्त हात दिसायची, तोंड पेरूच्या मागं." पेरू कधीच गेला, पण त्याचं खोड आहे. कमलम्मा त्यांच्या जागी उभ्या राहिल्या, एक डोळा मिटला आणि बोट दाखवलं. तिसरा खड्डा तिथं घेतला.

तिथं एकाएकी छिन्नी भसकन आत गेली. दाजी, मी मशीन बंद केलं आणि कुणाकडेच बघितलं नाही. मला वाटलं, फुटलं. घरातली जी एकच गोष्ट फोडायची नव्हती, तीच फोडली, आणि आता आईला सांगायचं कोणी? ही खाली बसली, हातानं खडे बाजूला केले. खाली पत्रा होता. छिन्नी पत्र्यातून गेली होती. पत्र्याखाली पोतं, पोत्याखाली वाळू, कोरडी, चाळलेली, उखळाच्या काठापर्यंत भरलेली. काठाभोवती पोत्याच्या पट्ट्या गुंडाळून सुतळीनं बांधलेल्या, सिमेंट धरू नये म्हणून. स्लॅबचा तुकडा उचलला तसा सुटून आला. उखळाला ओरखडा नव्हता.

म्हणजे आपल्याला माहीत होतं! आपण उखळ बघितलं होतं, आणि कधीतरी लागेल म्हणून ते जपून ठेवून वर स्लॅब घातलात. मग बोलला का नाहीत? मला वाटतं, कुणीतरी विचारेल म्हणून आपण वाट बघितली असणार, आणि आमच्यात जावयाला विचारायचं कुणी? तेव्हा आता हातांनाही नमस्कार, आणि दोन दिवस मनात जे जे बोललो ते सगळं मागे घेतो. (सळयांबद्दलचं सोडून.)

आईला आधार देऊन तिथं नेलं, पाटावर बसवलं. ती कुणाला हात लावू देईना. ओंजळीनं स्वतः वाळू काढत बसली. थोडी काढली की थांबायची, दम घ्यायची, पुन्हा काढायची. तळ लागला तेव्हा आत हात फिरवला आणि म्हणाली, "मी म्हनलं जावयांनी बुजिवलं. त्यांनी तर झाकून ठिवलं हुतं." मग डोळ्याला पदर लावला. मीही उगीच चष्मा पुसला. कमलम्मा भिंतीपलीकडे मोठ्यानं रडल्या, कारण त्यांना भिंतीपलीकडे असल्याचं स्वातंत्र्य होतं. त्याच दुपारी चटणी झाली आणि आई जेवली. हे सांगायचं म्हणून हे पत्र.

अक्काला आशीर्वाद मागितल्याचं सांगावं, आपल्या गुडघ्याला तेल लावत जावं.

आपला,
नंदू

ता. क. उखळ सापडलं, पण मुसळ आपल्याकडे आहे. आपल्या थोरलीच्या लग्नात घाणा भरायला म्हणून नेलं ते राहिलंच. अक्का म्हणते, त्यानं आपल्या मागच्या दाराला अडसर लावलाय. दार उघडं राहिलं तरी चालेल, मुसळ पाठवा. मग काल चटणी कशात कुटली, असं आपल्या मनात येईल. हे फक्त आपल्यात: मिक्सरमध्येच. हिनं ती गुपचूप उखळात ओतली आणि आईच्या पाठीमागं वरवंट्यानं चार वेळा ठक ठक केलं. आई जेवली, बाकी देव बघून घेईल.

दुसरा ता. क. वर जिथं जिथं 'मी फोडलं' आलंय तिथं 'आम्ही' वाचावं. तिसऱ्या खड्ड्यापाशी 'हिनं' वाचावं. ही शेजारी उभी आहे.

तिसरा ता. क. आत्ता सगळं पत्र आईला वाचून दाखवलं, पहिला ता. क. तेवढा गाळून. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "आता माझं लिही. आन मी बोलते तसंच लिही." ती आपल्याशी कधी थेट बोललेली नाही, म्हणून शब्द तिचेच ठेवतो:

"जावईबापू, उखळ जपलंत, माझ्या मनातलं किल्मिष गेलं. कालची चटणी मिक्सरची हुती. ह्यास्नी वाटतं म्हातारीला कळत न्हाय. मिक्सरात तेल सुटत न्हाय, नुसतं पीठ हुतं. पर पोरगं दोन दिस उन्हात, सुनंच्या हाताला फोड आल्यालं, मग म्हनलं खावं गुमान. तुमी मुसळ घिऊन या. दुसऱ्या कुनाच्या हाती धाडू नगा, तुमी या, माझ्या लेकीला घिऊन या. तवर मी ह्यांची मिक्सरची खात ऱ्हाते. पर लई दिस लावू नगा."