अर्धी सारवलेली भिंत

चंदना,

आधी आयेला थांबव, माझं ऐकत नाहीये. ती कणगीमागची भिंत सारवतेय, अर्धी झालीय. तिच्यावर ओरडू नको, काल तिने ‘सारवू का?’ विचारलं तेव्हा मीच मोबाइल बघत ‘हो’ म्हणालो.

आपण डोंगरावर नाचणी लावतो त्याचे दरवर्षीचे फोटो, म्हणजे वनहक्काचा आपला सगळा पुरावा, क्लाउडवर कुलूपबंद आहे. सकाळी माझा मोबाइल नदीत पडला. दुसऱ्या मोबाइलवर कुलूप उघडायला किल्लीचे ते बारा इंग्रजी शब्द लागतात. कागद उंदीर खातात म्हणून ते मी कोळशाने त्या भिंतीवर लिहिले होते. पंढरीच्या फोनवरून क्लाउडवाल्या कंपनीला विचारलं. म्हणाले, किल्ली फक्त तुमच्याकडे, आम्हालाही उघडता येत नाही. त्यांचं क्लाउड घेताना मला हेच तर आवडलं होतं!

दिसत होते तेवढे सात शब्द हातावर उतरवून जव्हारला सुनावणीला निघालोय, जीप थांबलीय. बाकीचे मातीखाली गेले. ओली माती खरवडू नको, कोळसाही निघेल. लिहिताना तूच वाचून दाखवत होतीस. आठवून बघ गं, आणि पंढरीला फोन कर, तो सोबत आहे.

तू म्हणाली होतीस म्हणून भिंतीचा फोटोही काढला होता. तो त्याच कुलपात आहे.

कमलेश