मामांना निरोप मिळेना

सुवा, ३ फेब्रुवारी १९९८

ती. आईस,
इनोकेचे शि. सा. न. वि. वि.

शनिवारच्या बोटीने मामा बेटावर, गावी आले नाहीत म्हणून तू घाबरली असशील. मामांची तब्येत ठणठणीत आहे. काल सोमवारी सकाळी पावणेआठला, कडक इस्त्रीचा सुलू कमरेला गुंडाळून, ते कॉलेजच्या ऑफिसात कामावर हजर झाले. शुक्रवारी त्यांच्या निवृत्तीचा समारंभ झाला, गळ्यात हार पडले, भाषणं झाली, केक कापला, आणि सोमवारी रजिस्ट्रारसाहेब पुन्हा आपल्या जागेवर. मी समोरच्या नव्या इमारतीच्या परांचीवर होतो. हातातलं घमेलं मुकादमाच्या डोक्यात पडता पडता राहिलं.

झालं असं. समारंभात मामा रीतीप्रमाणे चटईवर बसले, कुटून प्यायच्या यांगोनाच्या मुळांची जुडी पुढे ठेवली आणि चौतीस वर्षं या घरचं खाल्लं, आता मला जाऊ द्या, असं म्हणून निरोप मागितला. समोरच्याने जुडीला हात लावायचा, चार शब्द बोलून ती ठेवून घ्यायची, की माणूस मोकळा. पण समोर होते हॉलिस्टरसाहेब, ऑस्ट्रेलियातून आलेले नवे प्राचार्य. त्यांना इथे वर्षही झालेलं नाही. ते उठले, मामांना मिठी मारली, जुडी पुन्हा कागदात गुंडाळली आणि मामांच्याच हातात देऊन म्हणाले की हे घरी न्या, आता निवांत बसून प्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण चहा निवत होता. जुन्या मंडळींची तोंडं तेवढी उतरली.

मामांचं म्हणणं अगदी सरळ आहे. जायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. न मिळता जाणं हा उद्धटपणा. म्हणून ते कामावर आले आहेत.

मला हसू आलं असतं, पण यात माझा गळा अडकला आहे. त्यांच्या जागी विलिमाइनाची नेमणूक झाली आहे. हो, तीच, जिच्यापायी मी गेल्या वर्षी कॉलेज सोडलं. (तू म्हणणार, तिच्यापायी नाही, डोक्यातल्या रागापायी. असू दे.) मामा चार्ज देत नाहीत तोवर ती बाहेर व्हरांड्यात बाकावर बसते, फायली मांडीवर घेऊन. जेवणाच्या सुट्टीत मी लग्नाचं काढलं, तर म्हणाली की जिला अजून बसायला टेबल नाही तिने संसार कुठे मांडायचा. आणि जाता जाता म्हणाली की पुढच्या वेळी विचारायला येशील तेव्हा कानातलं सिमेंट धुऊन ये.

मी काहीतरी करतोच. लोभ आहेच, हे वाचून तो आटवू नकोस.

तुझा,
इनोके


कंदावू, १२ फेब्रुवारी

चि. इनोकेस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

त्या शनिवारी इथे काय झालं ते ऐक. अख्खं गाव धक्क्यावर. बायकांनी महिनाभर गाणं बसवलेलं, डुक्कर भट्टीत पुरलेलं. बोटीतून उतरलं कोण, तर एक पाण्याची टाकी आणि मासे मोजायला आलेले दोन जपानी. गाणं तयार होतं, ते वाया कशाला घालवा, म्हणून त्यांच्यासाठी म्हटलं. ते दोघं अजून इथेच आहेत. त्यांना वाटतं आपण सगळ्यांचंच असं स्वागत करतो.

हसण्यावारी नेऊ नकोस. गावाने तुझ्या मामासाठी बांधलेलं घर तयार आहे. सहा वर्षं तो पत्रांतून खिडकी कुठे हवी आणि दार कुठे हवं ते कळवत होता, तशाच खिडक्या पडल्या आहेत. आता थोरल्यांची बैठक झाली. त्यांचं म्हणणं, एपारामा ईस्टरपर्यंत आला नाही तर त्याला यायचं नाही असं समजायचं आणि घर नव्या पाद्रीबाबांना द्यायचं. पाद्रीबाबा काल येऊन पडद्यांची मापं घेऊन गेले. तुझे वडील गेल्यापासून मी माहेरी येऊन एकटी राहते आहे. भाऊ शेजारी येणार म्हणून मी दिवस मोजत होते. ती खिडकी माझ्या चुलीसमोर उघडते रे. तिच्यात मला पाद्रीबाबांचं तोंड बघायचं नाही.

तू त्याचा वासू आहेस, सख्ख्या बहिणीचा मुलगा. मामाकडून तू जे उचलशील त्याला तो नाही म्हणू शकत नाही. लहानपणी त्या हक्काने तू त्याच्या कोंबड्या नेल्यास, सायकल नेलीस. आता त्या हक्काचं काही चांगलं कर. पण डोकं थंड ठेव. हे मी लिहिते आहे आणि मला माहीत आहे की तू ही ओळ वाचणार नाहीस.

आशीर्वाद तर आहेतच, पत्राची वाट पाहते तीही तशीच.

तुझी आई


सुवा, २० फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे हक्क वापरला. मंगळवारी दहाच्या सुमारास ऑफिसात गेलो, मामांना म्हटलं की मी तुमचा वासू, ही खुर्ची मला आवडली, मी नेतो. आणि खांद्यावर टाकून नेली. मला वाटलं, बसायलाच जागा नसेल तर माणूस किती दिवस राहील.

मामा तीन दिवस उभ्याने काम करत राहिले. पहिल्या दिवशी त्यांनी फर्निचर हरवल्याचा फॉर्म तीन प्रतींत भरला आणि साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. म्हणाले की खुर्ची माझी असती तर ती तुझी झाली असती, पण ती कॉलेजची आहे आणि कॉलेज काही तुझा मामा नाही. विलिमाइना म्हणाली की खुर्ची मी मागितली नव्हती, मी जागा मागितली होती. आणि आता मला जागा नाही तशी त्यांनाही नाही, असं वाटून म्हाताऱ्यांना उलट बरंच वाटतंय. चौथ्या दिवशी खुर्ची परत नेऊन ठेवली.

मग सरळ हॉलिस्टरसाहेबांकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं की तुम्ही जुडी परत दिलीत म्हणजे निरोप नाकारलात, आता ती घ्या म्हणजे सुटेल. आई, माणूस वाईट नाही. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले की मला वाटलं मी सभ्यपणा करतोय. मग त्यांनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. नियम चौदा: कॉलेजच्या पगारावर असलेल्या कोणीही कुणाकडून कसलीही भेटवस्तू घेऊ नये. प्राचार्यांपासून फाटकावरच्या माणसापर्यंत सगळे त्यात आले. मी म्हटलं ही भेटवस्तू नाही, हे मागणं आहे. ते म्हणाले की मी समजू शकतो, पण ऑडिटला येणारे समजतील का. मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. शाईची दौत सांडली. त्यांनी फक्त पुस्तक उचलून धरलं.

त्यातच आमच्या मुकादमाला, शिउ प्रसादला, हुकूम आला आहे. काचेची नवी इमारत झाली, तिच्यात संगणक आले, नंबर छापून देणारं यंत्र आलं. आता तेवीस मार्चला जुनं ऑफिस पाडायचं. घण चालवणाऱ्यांत माझं नाव आहे. मामांना सांगितलं, तर ते म्हणाले की तेवीसला सोमवार आहे, मी इथेच असेन.

मला काही सुचत नाही. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लिहीत राहा.

इनोके


सुवा, २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
एपारामाचा सा. न.

आपले दि. १२चे, भाच्यास लिहिलेले पत्र त्याने मला वाचावयास दिले. खिडकीबाबत वाचून मन कसेसेच झाले. तरी खुलासा करणे भाग आहे.

नियम चौदा मीच लिहिला. सत्त्याऐंशी साली एका पालकाने प्रवेशासाठी जिवंत कासव आणून माझ्या टेबलावर ठेवले होते, त्यानंतर. कलम पक्के आहे. मीच त्यात फट ठेवलेली नाही. आता स्वतःच्या सोयीसाठी ते मोडा असे प्राचार्यांस कोणत्या तोंडाने सांगू? निरोपावाचून उठून यावे, तर ते आपल्या चिरंजिवांनी करून पाहिलेच आहे. त्याने विलिमाइनेस प्रेमपत्र लिहिले, तेही रजेच्या अर्जाच्या पाठीमागे, म्हणून ते माझ्या ट्रेमध्ये आले. मी अर्जाची बाजू वाचून 'कारण अपुरे' असा शेरा मारला. त्यावर त्याने हजेरीपट खिडकीतून फेकला आणि त्याच्या पाठोपाठ स्वतःही गेला. त्याचे पुढे काय झाले ते मी त्याच खिडकीतून रोज पाहतो. सिमेंट बरे कालवतो.

घराची काळजी वाटते, पण आपण करू नये. लोभ कायम राहावा.

आपला धाकटा भाऊ,
एपारामा

ता. क. त्याचे नाव मात्र पटावर तसेच आहे. सोडून जात असल्याचा अर्ज त्याने दिला नाही, आणि अर्जाशिवाय नाव कमी करणे मला जमले नाही. दुसऱ्या वर्षात त्याची एकशे चाळीस दिवसांची गैरहजेरी लागलेली आहे.






कंदावू, ६ मार्च

चि. इनोकेस,
आशीर्वाद.

तुझ्या मामाचं पत्र मी चारदा वाचलं. त्याला वाटतं त्याने ताजा कलम सहज लिहिला. त्याने आयुष्यात सहज काही लिहिलेलं नाही.

आता नीट ऐक. गावात कोणी निरोप मागतो तेव्हा मुखिया स्वतः जुडी हातात घेतो का? तो गप्प बसतो. त्याच्या वतीने बोलणारा पुढे होतो, तो हात लावतो, तो बोलतो. तुझे वडील शेजारच्या मुखियाचे बोलणारे होते, त्यांचे वडीलही. ते काम घराण्यात चालतं. शब्द तुला येतात, तुला बोलता येत नव्हतं तेव्हापासून येतात. मग साहेबांनी हात कशाला लावायचा? कॉलेजच्या वतीने तू लाव.

नियम पगार घेणाऱ्यांना आहे. विद्यार्थ्यांना कुठे आहे? आणि तू अजून विद्यार्थी आहेस, कारण तुझ्या मामाने तुझं नाव पुसलं नाही. पण तो एपारामा आहे. एकशे चाळीस दिवस गैरहजर असलेल्या पोराला तो कॉलेज म्हणून मानणार नाही. पटावर हजेरीची सही कर, आणि ती खोटी करू नकोस. खोटी सही केलीस तर निरोपही खोटा होईल आणि तो मला इथे येऊन तसं सांगेल.

वीस तारखेची बोट आहे. पाद्रीबाबांनी पडदे शिवून आणले. फुलाफुलांचे आहेत.

वाट पाहते आहे, दोघांचीही, वेगवेगळ्या ठिकाणी.

तुझी आई


सुवा, १९ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मामा उद्याच्या बोटीने निघत आहेत. यावेळी गाणं जपून ठेवा, दुसऱ्या कुणाला देऊ नका.

काल सकाळी जुन्या ऑफिसच्या व्हरांड्यात चटई अंथरली. शिउ प्रसादने काम थांबवलं आणि सगळ्या मजुरांना हातपाय धुऊन बसवलं. हॉलिस्टरसाहेब मांडी घालून बसले. त्यांचे गुडघे असे वाजले की मागच्या बाकावरच्या पोरी हसल्या. नियम मोडायला नको म्हणून त्यांनी पूर्ण वेळ दोन्ही हात पाठीमागे बांधून धरले होते. जुडी पुढे आली की ते थोडे मागे सरकायचे.

त्याआधी विलिमाइनाने पट आणला आणि पेन पुढे केलं. म्हणाली की सही केलीस तर सोमवारपासून वर्गात बसावं लागेल, दुसऱ्या वर्षाला, अठरा वर्षांच्या पोरांत, विचार कर. मी म्हटलं केला. ती म्हणाली की तू केला नाहीस, तुझ्या आईने केला. मी सही केली. मजुरी सुटली.

मग मामांनी पुन्हा निरोप मागितला, शब्द न शब्द तोच. मी पुढे झालो, जुडीला हात लावला. वर्षभर या कॉलेजला मी काय काय नावं ठेवली ते तुला माहीत आहे. आता तेच कॉलेज माझ्या तोंडून बोलत होतं. मी म्हटलं की हे मूळ जड आहे, आम्हाला पोचलं आहे. चौतीस वर्षं तुम्ही आमची दारं उघडलीत, आम्ही आत आलो, कुणी नीट आलो, कुणी खिडकीतून गेलो, तरी तुम्ही पटावर नाव ठेवलंत. तुमच्यापुढे समुद्र शांत असो. जा. हा 'जा' काही केल्या बाहेर पडेना, आई. तीन वेळा तोंड उघडलं. मामा मान खाली घालून वाट पाहत होते, घाई न करता, जसे ते फॉर्म भरणाऱ्या पोराची वाट पाहतात. शेवटी निघाला. सगळ्यांनी ओंजळीच्या टाळ्या दिल्या.

मामा उठले, किल्ल्या विलिमाइनाच्या हातात ठेवल्या, आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून गेले. एकदाही मागे पाहिलं नाही. मी पाहत होतो.

तेवीसला घण चालेल तेव्हा मी वर्गात असेन. बरंच झालं. तुझ्या खिडकीत आता तुला हवं ते तोंड दिसेल, मला त्यातच सगळं मिळालं असं समज.

इनोके


सुवा, २ एप्रिल

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र आलं. तुम्ही पोचल्या दिवशीच पाद्रीबाबांचे पडदे घडी करून त्यांना पोच घेऊन परत केलेत, आणि रोज सकाळी पावणेआठला सुलू नेसून तिच्या चुलीसमोर येऊन बसता, हे ऐकून सगळा वर्ग हसला. मी वर्गात मोठ्याने वाचलं. आता मला सवय झाली आहे.

पण मला तुम्हाला एक विचारायचं आहे. काचेच्या इमारतीत नियम फळ्यावर लावले आहेत, सगळे. विलिमाइनाची नेमणूक पक्की झाली त्या दिवशी मी फुलं घेऊन गेलो, तर तिने मला बाहेरच थांबवलं आणि फळ्याकडे बोट केलं. नियम बावीस: कॉलेजच्या अधिकाऱ्याने विद्यार्थ्याशी, अथवा विद्यार्थ्याने अधिकाऱ्याशी, लग्नाच्या हेतूने वा अन्यथा जवळीक ठेवू नये. खाली तुमची सही. म्हणजे मी मजूर होतो तोवर तिला विचारू शकत होतो, पण तिला जागा नव्हती. तिला जागा मिळवून द्यायला मी विद्यार्थी झालो, आणि आता विचारू शकत नाही. दोन वर्षं. पास झालो तर.

तिला विचारलं की हे तुला माहीत होतं का. म्हणाली की पेन पुढे करताना माहीत होतं, म्हणून तर विचार कर म्हटलं होतं. मी म्हटलं मग थांबशील का. म्हणाली की या विषयावर रजिस्ट्रार बोलू शकत नाही. मग इकडेतिकडे बघून म्हणाली की तुझ्या मामांनी चौतीस काढली, दोनाने काय होतंय.

तुम्हालाही माहीत होतं, मामा. ताजा कलम लिहिताना माहीत होतं. मी रागाने लाल झालो. फुलं तिथेच टाकली, वर्गात आलो, वह्या उचलल्या, आणि गेल्या वर्षीसारखा निघालो. या खेपेला खिडकी नाही, काच आहे, ती उघडत नाही, म्हणून दाराकडे गेलो. उंबऱ्यावर पाऊल ठेवलं आणि थांबलो. यावेळी रीतीने जावं, निरोप मागून जावं, असं डोक्यात आलं. पण मागायचा कुणाकडे? या कॉलेजच्या वतीने निरोप देणारा आता मीच आहे. मी बराच वेळ तिथे उभा होतो. मी मला जा म्हणेना.

शेवटी येऊन बसलो. अर्थशास्त्राचा तास होता. सरांनी हजेरी घेतली.

आईला नमस्कार सांगा. तुमचा लोभ कसा असतो ते आता मला कळलं आहे, तो जरा बेताने असू द्या.

आपला भाचा,
इनोके
दुसरे वर्ष, पट क्रमांक ६१