अक्काची आखाजी

पंचवटी, नाशिक
१२ फेब्रुवारी २०२५

चि. चंदर यास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर बघून घाबरू नकोस. लकव्याने लुळ्या पडलेल्या उजव्या हातानेच लिहिते आहे. फिजिओथेरपीवाल्या तृप्तीने बोटांना काम म्हणून पत्रं लिहायला सांगितलीत.

परवा तिने महेशला आणि सूनबाईला चांगलंच झापलं. दोघं मला पाण्याचा पेलाही उचलू देत नव्हती. अशा मायेने हातपाय कायमचे बसतील म्हणाली. आता मनगटाला वाळूची पिशवी बांधून हात वर करते, खुर्चीवरून हात न टेकता उठते. श्वास रोखायचा नाही, म्हणून मोठ्याने बोलायचं असतं. मी माहेरची नावं घेते. तुझं येईपर्यंत दम संपतो, मग सोबत शिवीही जाते.

यंदा अक्षय्य तृतीया तीस एप्रिलला आहे. त्या आखाजीला मी येणार आणि मांडे मीच करणार. दरवर्षीसारखा मुऱ्हाळी होऊन न्यायला ये.

तुम्हा सगळ्यांची वाट बघणारी,
कुसाअक्का

सटाणा
२४ फेब्रुवारी

ती. अक्काच्या सेवेशी, चंदरचा शि. सा. नमस्कार.

शिव्या पोहोचल्या. पण अक्का, यंदा येऊ नकोस. मांड्यासाठी चुलीपुढे जमिनीवर बसावं लागतं, पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवून पसरावा लागतो. समोर तापलेलं खापर. तोल गेला तर? मांडे तुझी भावजय मोहिनी करेल, डबा घेऊन मी येतो. रागावलीस तरी चालेल, मला फार भीती वाटते.

तुझा,
चंदर

पंचवटी
१८ मार्च

चि. चंदर यास आशीर्वाद.

डबा कसला आणतोस? मला माहेरी यायचंय.

तुझं पत्र तृप्तीला वाचून दाखवलं. ती आता सतरंजीवर बसवून उठायला शिकवते. आधी गुडघ्यावर, मग एक पाय पुढे. पहिल्यांदा तेजस्विनीच्या अंगावरच कोसळले, मग सासूसुना हसत बसलो. मांड्याचा सराव म्हणून ओला टॉवेल हातांवर फिरवत असते. तेजस्विनीला वाटलं, सासूचं डोकंही गेलं.

आखाजीच्या आधी ये. तुझ्यासमोर जमिनीवरून आधाराशिवाय उठले तर मुकाट्याने नेशील. नाही जमलं, तर डबा घेईन आणि कुरकुर करणार नाही.

तुझी हट्टी,
अक्का

सटाणा
५ मे

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

सुखरूप पोहोचलीस हे महेशने कळवलं. तुझ्या दिवाणखान्यात तू जमिनीवरून उठताना मी हात पुढे केला, तो तू चापट मारून बाजूला सारलास. तेव्हा जरा लागलंच. पण चुलीपुढे पहिला मांडा फाटल्यावर तू मोहिनीला दुसरा गोळा मागितलास आणि तो कोपरापर्यंत पसरलास, तेव्हा मी गोठ्यामागे जाऊन रडून आलो. बायकोला सांगू नकोस.

आता तुला मुऱ्हाळ्याची काय गरज? पुढच्या वर्षी एसटीने एकटी ये. मी फाट्यावर थांबतो.

तुझा,
चंदर

पंचवटी
१४ मे

चि. चंदर यास आशीर्वाद.

एकटी येऊ? शहाणाच आहेस! आई-दादा गेल्यापासून मला न्यायला येणारा तू एकटा. झटका आला त्या दिवशी जमिनीवर पडल्या पडल्या वाटलं, आता हा कशाला येईल न्यायला? त्यासाठीच एवढी वाळू उचलली रे.

एसटीत मी आपली आपण चढेन, पिशवीही मीच घेईन. पण दारात येऊन हाक तू मारायचीस.

मोहिनीला आशीर्वाद सांग. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
अक्का